गेम अडकतोय? वाशीला नवं ग्राफिक्स कार्ड आणायला जाण्याआधी घरीच हे तपासा

नवी मुंबई : उरण, पेण, पनवेल, कर्जतकडच्या गावांतल्या पोरांना गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा झाला की पाय वळतात ते वाशीकडे, नाहीतर थेट मुंबईत लॅमिंग्टन रोडला. जानेवारी 2024 मध्ये लोकल उरणपर्यंत पोहोचल्यापासून तिकडच्यांची ही फेरी आणखी सोपी झाली आहे. घरच्यांनी भाताचे नाहीतर पोराच्या पहिल्या पगाराचे पैसे त्यात घातलेले असतात. मशीन घरी येतं, काही महिने बरं चालतं आणि मग तक्रार सुरू होते, गेम अडकतोय, एफपीएस पडतोय. विचारलं की ठरलेला सल्ला मिळतो, "कार्ड बदला." आता कार्ड म्हणजे गेमिंग कॉम्प्युटरमधला बहुतेक वेळा सर्वांत महाग भाग. तो बदलण्याआधी खालच्या गोष्टी तपासायला एक संध्याकाळ पुरते आणि त्यातल्या बहुतेकांना एक रुपयाही लागत नाही.

एफपीएस म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं उमटतात तो आकडा. 60 एफपीएस मिळत असतील तर दर 16.7 मिलिसेकंदाला नवं चित्र येतं. 30 वर आलं की तोच वेळ 33 मिलिसेकंद होतो. आकडा बघायला विंडोजमध्ये विंडोज बटण आणि जी एकत्र दाबून परफॉर्मन्सची चौकट उघडावी. पहिल्या वेळी ती परवानगी मागते, ती द्यावी.

नेट की मशीन?

इथेच निम्म्या लोकांची गल्लत होते. समोरचा खेळाडू एका जागेवरून टुणकन दुसरीकडे दिसतो, गोळी लागूनही लागत नाही, हे नेटचं दुखणं, म्हणजे पिंगचं. माउस फिरवला की सगळं दृश्यच झटके खात फिरतं, हे मशीनचं. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत, ऐरोली-महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. पण सर्व्हर दाराशी असला तरी चित्र काढायचं काम घरातल्या डब्यालाच करावं लागतं. म्हणून एफपीएससाठी फायबरचा महागडा प्लॅन घेणं म्हणजे पायाला लागलं आणि डोक्याला पट्टी.

नेट ठीक असेल तर कॉम्प्युटरची मागची बाजू बघा. मॉनिटरची एचडीएमआय वायर मदरबोर्डच्या भोकात लावली असेल, तर वेगळं कार्ड असूनही बऱ्याचदा गेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालतो. वायर खाली, कार्डाच्या आडव्या पट्टीवर लागली पाहिजे. हसू येईल, पण ही चूक फार जण करतात. मॉनिटर 144 हर्ट्झचा घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा निवडलेला आहे का तेही पाहावं. पुष्कळदा तो 60 वरच पडून असतो. आणि एफपीएस नेमका 30 किंवा 60 वरच अडला असेल तर तो बिघाड नसून गेममधली व्ही-सिंक किंवा मर्यादा चालू असते.

लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावूनच खेळावं. बॅटरीवर मशीन स्वतःच जोर कमी करतं.

दोष कुणाचा, ते असं कळतं

गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि सीपीयू म्हणजे प्रोसेसर. (गावात अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, इथे तसं नाही.) जीपीयू 95 ते 100 टक्के राबत असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने काम करतंय आणि गेमची सेटिंग त्याला झेपत नाही. जीपीयू निम्म्यावर रेंगाळत असेल आणि तरी गेम अडकत असेल, तर खोळंबा दुसरीकडे आहे. तिथे नवं कार्ड घालून काही फरक पडणार नाही, पैसे मात्र जातील.

खात्री करायची असेल तर गेमचं रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणा. 1080 ला एका चित्रात 20.7 लाख ठिपके असतात, 720 ला 9.2 लाख. काम निम्म्याहून कमी झालं आणि एफपीएस वाढला, तर ताण कार्डावर होता. वाढला नाही, तर प्रोसेसर किंवा रॅमकडे बघा.

रॅमचं म्हणाल तर 16 जीबीची एकच पट्टी आणि 8-8 च्या दोन पट्ट्या यांत फरक आहे. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते. वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये हा फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवतात. डबा मोटरसायकलवर मांडीत धरून आणला असेल तर पट्टी किंवा कार्ड हललेलं असू शकतं. टास्क मॅनेजरमध्ये रॅम घेतली त्यापेक्षा कमी दिसत असेल तर प्लग काढून पट्टी काढावी, सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसावीत आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवावी.

पहिली दहा मिनिटं बरं, मग ढेपाळतं

असं होत असेल तर उष्णता धरून चाला. फार तापलं की प्रोसेसर आणि कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. पुष्कळ इंटेल प्रोसेसरांची सीमा 100 अंशांच्या आसपास असते. कार्डाचं तापमान टास्क मॅनेजरमध्येच दिसतं. इकडे नवी मुंबईत बांधकामांची धूळ आणि खाडीची दमट हवा, गावात चुलीचा धूर आणि अंगणातली माती. ती पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीत चिकटून बसते. सोपी चाचणी अशी, डब्याची बाजूची पत्र्याची झडप काढा, समोर टेबलफॅन लावा आणि खेळून बघा. गेम सुधारला तर रोग सापडला. मग प्लग काढून डबा अंगणात न्या, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर मारा. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र उघडू नका. बंद असतानाही त्यात धक्का बसण्याइतकी वीज साठलेली असते. जुन्या मशीनमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते, तीही त्याच वेळी बदलून घ्यावी.

व्होल्टेजला मात्र लोक उगाच दोष देतात. वीज फार कमी आली तर कॉम्प्युटर बहुधा बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. स्टॅबिलायझरने मशीन वाचेल, फ्रेम वाढणार नाहीत.

गेम बंद असताना, काहीच चालू नसताना प्रोसेसर किंवा कार्ड 70-80 टक्के राबत असेल तर वेगळीच शंका घ्यावी. फुकटात उतरवलेल्या क्रॅक गेमसोबत मशीनवर चोरून क्रिप्टो खोदणारे प्रोग्रॅम येतात. "एफपीएस बूस्टर" नावाच्या ॲपपासूनही दूरच राहिलेलं बरं. ड्रायव्हर नवा हवा असेल तर तो एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्यावा.

एवढं करूनही कार्डच लागणार असेल

"4 जीबीचं कार्ड" एवढ्यावर जाऊ नका. जीटी 730 सुद्धा 4 जीबीत मिळतं, पण ते आजच्या गेमसाठी नाही. ऑफिसातून निघालेला जुना छोटा डबा असेल तर त्याच्या एसएमपीएसला कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसते. मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, तेवढ्यात चालणारंच कार्ड घ्यावं लागतं. जुन्या बाजारात आणखी एक धोका आहे. फार जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर बदलून ते जीटीएक्स 1050 टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम दुकानातच चालवून घ्या, बनावट कार्ड असेल तर तो बहुतेक वेळा नावापुढे तसं दाखवतो. दुकानदारासमोर एखादा जड गेम पंधरा मिनिटं चालवा, दोन मिनिटांत उष्णता कळत नाही. पैसे देताना बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. पुढे फसवणूक निघालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार करताना हेच बिल हातात लागतं.