बाराशे अडुसष्ट प्रती

भयकथांच्या दुर्मिळ आवृत्त्या जमवणारे 'द आउटसायडर अँड अदर्स'साठी आज हजारो डॉलर मोजतात. त्यामागची हकिगत मला फार आवडते.

१९३७ साली अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट वारले. त्यांच्या बहुतेक कथा स्वस्त मासिकांत विखुरलेल्या होत्या. मोठे प्रकाशक नाही म्हणाले. मग ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री या दोन चाहत्यांनी १९३९ साली विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटीत 'अर्खम हाउस' काढले आणि पदरमोड करून १२६८ प्रती छापल्या. त्या खपायला चारेक वर्षे लागली! डर्लेथ तर लव्हक्राफ्टना कधी भेटलेही नव्हते. सारी मैत्री पत्रांतली.

जुनी मासिके रद्दीत जाताना दिसली की मला डर्लेथ आठवतात. तुमच्या माळ्यावर असतील तर देण्याआधी एकदा चाळून बघा.