विसराळू यंत्र आणि ओळखीचा बिल्ला

महाजालाची मूळ घडणच विसराळू आहे. एक पान मागून दुसरें मागितलें, कीं पानें पुरविणाऱ्या सर्व्हरला मागणारा पुन्हां परकाच! ही अडचण १९९४ सालीं अमेरिकेंत नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली यांनीं दूर केली. सर्व्हरनें एक लहानशी चिठ्ठी द्यावी, ब्राउझरनें ती जपावी व प्रत्येक मागणीबरोबर दाखवावी, हीच 'कुकी'.

परंतु सारा तपशील शिक्क्यावांचून चिठ्ठींतच लिहिला, तर धारक त्यांत फेरफार करूं शकतो. म्हणून 'सेशन'ची रीत आली : तपशिलाची वही सर्व्हरपाशीं, आणि कुकींत केवळ तर्कानें न ओळखतां येणारा क्रमांक. पेढीवरील पितळी बिल्ल्यासारखाच हा प्रकार. तेव्हां कुकी श्रेष्ठ कीं सेशन, हा वाद फोल होय. सेशन चालतें तें बहुधा कुकीच्याच आधारें.

मात्र बिल्ला ज्याच्या हातीं, तोच धनी ठरतो. उघड्या वाय-फायवरून असे क्रमांक पळवितां येतात, हें २०१० सालीं 'फायरशीप' या साधनानें जगास दाखविलें. पुढें मोठ्या संकेतस्थळांनीं हळूहळू सारा व्यवहार सांकेतिक लिपींत नेला. तरी सार्वजनिक संगणकावरून उठतांना 'लॉग आउट' करून वहींतील नोंद मिटविणें, हें काम आपलेंच आहे.