तळटीप १७ : हिमालयासीटस

१७. हिमालयासीटस सुबाथुएन्सिस हा नामशेष झालेला आदिम देवमासा. सुनील बाजपेयी आणि फिलिप जिंजरिच यांनी १९९८ मध्ये त्याचे वर्णन केले. आधार फक्त एक : हिमाचल प्रदेशातील सुबाथू खडकस्तरात मिळालेला डाव्या खालच्या जबड्याचा तुकडा आणि त्यातील दोन दाढा. जबड्यातली पोकळी अरुंद असल्याने हा प्राणी आजच्या देवमाशांसारखे पाण्याखालचे नव्हे, तर हवेतले आवाज ऐकत असावा. दाढांच्या एनॅमलमधील ऑक्सिजनवरून तो नदी आणि समुद्र दोन्हींत खाद्य शोधत असावा, असे दिसते. वय ५.३५ कोटी वर्षे सांगितले गेले. म्हणजे पाकिसीटस या दुसऱ्या आदिम देवमाशापेक्षाही जुना. मात्र हे वय आणि त्याचे कुळ, दोन्हींबाबत मतभेद आहेत. एवढ्याशा अवशेषावरून संपूर्ण प्राण्याचे चित्र रेखाटणे धाडसाचेच.

महाराष्ट्रातील जूचंद्र गावच्या चंडिकादेवीच्या डोंगरात मात्र असे अवशेष सापडणार नाहीत. तो डोंगर दख्खनच्या लाव्हाचा, सहा कोटी वर्षांहून जुना. तेव्हा देवमासे जन्मलेच नव्हते. महाराष्ट्राला जवळचे आद्य देवमासे कच्छमधले. तेथील इंडोसीटस रमानीचे वर्णन अशोक साहनी व विजय प्रकाश मिश्रा यांनी १९७५ मध्ये केले.