एका तबकडीची वंशावळ

मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. तबला-तानपुऱ्याचे काम त्यांनी रोलंड कंपनीच्या यंत्रांकडून करवून घेतले. तबकडी फारशी खपली नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा काढली, आणि युरोपातील शौकिनांनी एकच गिल्ला केला, की शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’चा जनक मुंबईचा निघाला!

श्रोतेहो, हा दावा आपल्याला सुखावतो खरा. मला तो मान्य नाही. शिकागोच्या ‘फ्यूचर’ मंडळींची गाजलेली तबकडी १९८७ ची, आणि त्यांनी सिंगांचे वादन ऐकल्याचा पुरावा मिळत नाही. मग साम्य आले कोठून? टीबी-३०३ या यंत्रातून. बास गिटारची उणीव भरून काढण्यासाठी ते काढले होते. ते त्याला साधले नाही, म्हणून जुन्या बाजारात ते स्वस्त झाले आणि शिकागोच्या पोरांना परवडले. सिंगांनी मात्र ते नवेकोरे असतानाच, त्याची सुरावरून सुरावर घसरण्याची सोय रागाच्या मींडेसाठी राबविली. हे कर्तृत्व उसन्या पितृत्वाहून मोठे आहे. (ते प्रथम ओळखले परक्या कानाने, हेही कबूल केले पाहिजे.)

उतारवयात त्यांनी युरोपात जाऊन तेच राग वाजविले. २०१५ साली मुंबईत ते वारले.