दुनळीचे तीन परवाने

छत्तीसगडात मराठी माणूस प्रथम आला तो शस्त्र घेऊन आला, हे आपण सभासमारंभांत अभिमानाने सांगतो. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून येथील कारभार पाहिला. दसऱ्यास सोने वाटण्याची चाल या मुलखात त्यांनीच पाडली असे येथील परंपरा सांगते. त्या काळच्या तलवारी आणि भाले मात्र आज आपल्यापैकी क्वचितच कोणाच्या घरी असतील. फार काय, रघूजींची म्हणून ओळखली जाणारी तलवारदेखील २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनास लंडनच्या लिलावातून विकत घ्यावी लागली. आपल्या घरांतून खंडेनवमीस पाटावर जे शस्त्र पुजले जाते ते बहुधा विळी, अडकित्ता नाहीतर मुलांचा कंपासपेटीतला करकटक असतो. ज्या थोड्या घरांत खरे शस्त्र उरले, ते इंग्रजी अमदानीतले आणि परवान्याचे आहे. आमच्या घरी अशी एक दुनळी बंदूक आहे. आजोबांकडून ती वडिलांकडे आली, आणि २०२३ मध्ये वडील वारल्यानंतर माझ्याकडे यावयाची आहे. ‘यावयाची आहे’ असे म्हणण्याचे कारण पुढे येईल.

परवाना ही वस्तू रायपूरच्या माणसास अनोळखी असू नये, कारण तिच्या जन्मकथेत या गावाचाही वाटा आहे. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातील धान्य भुकेल्या रयतेस वाटले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात मृत्युदंड देण्यात आला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, येथल्या छावणीतील तिसऱ्या पलटणीच्या दारूगोळ्याच्या कोठारावर नेमलेला हनुमानसिंह हा सार्जंट मेजर सिडवेलच्या बंगल्यात शिरला व त्याने त्यास ठार केले. हनुमानसिंह निसटला, तो इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही. त्याच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारीस फाशी देण्यात आले. अशा घटना देशभर घडल्या होत्या. त्यांचा धडा सरकारने असा घेतला की, एतद्देशीयांच्या हाती शस्त्र राहू द्यावयाचे नाही. १८६० चा कायदा झाला, आणि मग लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा प्रसिद्ध शस्त्रकायदा. युरोपियनास परवाना लागत नसे. हिंदी माणसाने तो मागावयाचा. राष्ट्रसभेने अगदी आरंभीच्या अधिवेशनांपासून याविरुद्ध ठराव केले. हा उघड वर्णभेद नियमांतून गेला तो पहिल्या महायुद्धानंतर.

आमचा पहिला परवाना याच १८७८ च्या कायद्याखालचा. तारीख १९३६ ची. त्यावर डेप्युटी कमिशनरच्या कचेरीची मोहर आहे आणि प्रयोजन म्हणून ‘पिकाचे रक्षण’ असे लिहिले आहे. आजोबा एका लहान गावाचे मालगुजार होते. धान निसवू लागले की रानडुकरांचे कळप एका रात्रीत बांधच्या बांध उद्ध्वस्त करीत. बंदूक कलकत्त्याहून बंगाल-नागपूर रेल्वेने पेटीत बंद होऊन आली. नळ्यांच्या खालच्या अंगास बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे मुकुटाचे शिक्के आहेत. हे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. जादा भाराचे काडतूस झाडून नळी फुटत नाही अशी खात्री झाल्यावाचून तेथे शिक्का मिळत नसे. शिक्क्यांशेजारी बाराचा आकडा आहे. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांपैकी एक जेवढी होईल तेवढा नळीचा व्यास, म्हणून ही बारा बोअर. आपण रत्तल-शेर सोडून किलोग्रॅमवर येऊन किती दशके लोटली. बंदुकीची नळी तेवढी अजून रत्तलातच मोजली जाते.

मालगुजारी १९५१ मध्ये संपली. गाव गेले, कोठार गेले. घराजवळची थोडी शेती आणि ही बंदूक राहिली. मधल्या काळात एक मोठी चर्चा होऊन गेली होती, तिची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही. १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत गणला होता. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत हे आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. तरुणपणी मला यात परक्या कायद्याचाच वारसा दिसे. आता, घराघरात बंदुका असलेल्या देशांतील बातम्या रोज वाचल्यावर, बाबासाहेबांचा निर्णय शहाणपणाचा वाटतो. नवा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.

आजोबा १९६६ मध्ये गेले, आणि वडिलांचा परवाना या नव्या कायद्याखाली निघाला. वडील रायपुरात शाळामास्तर होते. शाळामास्तराला बंदूक कशाला, हा प्रश्न त्यांना कचेरीत विचारला गेला होता म्हणे. त्यांनी शेतीचे कागद पुढे ठेवले. सुरुवातीची काही वर्षे धानाच्या दिवसांत ते शनिवारी गावी जात आणि मचाणावर रात्र काढून सोमवारी सकाळी वर्गावर हजर होत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांनी बंदूक उचलणे सोडले. याच छत्तीसगडातील कोरियाच्या महाराजांनी १९४७ मध्ये एका रात्रीत तीन चित्ते मारले, ते या देशातील अखेरचे ठरले, ही हकीकत ते वर्गात सांगत. सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

मला आठवते ती न झाडलेली बंदूक. वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, ती पेटीतून निघे. पेटीच्या आतले हिरवे कापड कसरीने खाल्लेले. तीन तुकड्यांची गज जोडावयाची, टोकाला फ्लॅनेलची चिंधी, चिंधीवर तेलाचे चार थेंब. मग वडील नळ्या दिव्याकडे धरून मला आत पाहावयास सांगत. आत एकात एक चकचकीत कडी दिसत, पार टोकापर्यंत. एखाद्या कड्यावर ठिपका असला की पुन्हा चिंधी. काडतुसे खडकीच्या कारखान्याची, ‘शक्तिमान’ छापाची. ती आईच्या कपाटात वेगळ्या कुलपात. बंदूक आणि काडतूस एका खोलीत नाही, ही त्यांची शिस्त कोणत्याही नियमाहून कडक होती. दर निवडणुकीला बंदूक कोतवालीत जमा होई, आणि परत आली की वडील तिला प्रथम पुसून काढीत. सासरहून आलेल्या लेकीची दृष्ट काढावी तसे.

आमच्या घरी ही बंदूक म्हणजे पिकाचे रक्षण, मास्तरांची शिस्त, नवमीची पूजा. वडिलांच्या तेराव्याला गावाकडून एक वृद्ध शेतकरी आले होते. त्यांचे वडील आजोबांच्या शेतावर कामास असत. जेवण झाल्यावर ओसरीवर बसले, भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्यांकडे पाहून त्यांनी बंदूक कोठे आहे ते विचारले, आणि हसत म्हणाले, “बंदूक के अवाज म बरहा घलो भागय, अउ हमन घलो.” आवाजाने डुकरे पळत, आणि आम्हीही. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. लगानाच्या हंगामात दाऊ ओसरीवर बसत तेव्हा ती मागे भिंतीवर टांगलेली असे, एवढेच ते सांगत होते. परवान्यावर हे प्रयोजन लिहिलेले नाही. आजोबांनी माणसावर बंदूक कधी रोखली नाही, हे मला ठाऊक आहे. रोखण्याची गरज पडत नसे, हे त्या दिवशी कळले. आपल्या पूर्वजांच्या शस्त्रांविषयी आपण स्मरणिकांतून लिहितो तेव्हा त्या शस्त्रांसमोर उभ्या राहिलेल्यांच्या आठवणीही गोळा करावयास हव्यात. त्या सांगणारी माणसे अद्याप या मुलखात आहेत आणि विचारले तर सांगतात.

आता तिसरा परवाना. धारकाच्या मृत्यूनंतर वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. त्याप्रमाणे ती जमा आहे, पावती माझ्याकडे आहे. २०१६ च्या नियमांनुसार वारसास परवाना मिळू शकतो, पण तो अर्ज करून, चौकशी होऊन, इतर वारसांच्या संमतीने. घर आणि शेत वारसाने येते, बंदूक तशी येत नाही. येतो तो अर्ज करण्याचा अधिकार. उभी नोकरी सरकारी कागदांत गेल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही, मुलाला वाटले. विकून टाका, असे तो म्हणाला. पुण्याच्या ताईने संमतिपत्र पाठविले आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले की, बंदूक तू ठेव, गजाच्या टोकाची चिंधी मला दे. मी अर्ज केला आहे. त्या वृद्ध गृहस्थांचे बोलणे ऐकल्यानंतर केला आहे. ही गोष्ट आमच्याच घरात, आमच्याच नावावर राहावी असे मला वाटले.

चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारले, चालवता येते का? नव्या नियमांत शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तो अद्याप घ्यावयाचा आहे. वडिलांनी मला बंदूक साफ करावयास शिकविले, झाडावयास नाही.