कोर्टातून सुटला, पण बंदी कायम!

मंडळी, सिद्धेश्वर धरणाकाठी टेनिस बॉलवर खेळणाऱ्यांनीही ऐकावी अशी ही गोष्ट. १६ मे २०१३. मुंबईचा फिरकीपटू अंकित चव्हाण आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या आरोपात अटक झाला. पुढे मकोकाही लागला. म्हणजे १९९९चा आपल्याच महाराष्ट्राचा कायदा, दिल्लीतही लागू असलेला. सप्टेंबरमध्ये बीसीसीआयने आजीवन बंदी घातली.

जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्याला आरोपमुक्त केलं. मग बंदी उठली? नाही! कोर्ट बघतं कायद्यातला गुन्हा, बोर्ड बघतं आपली शिस्त. दोन्हींचे निकष वेगळे. २०१९ मध्ये श्रीशांतच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. नंतर अंकितची बंदीही सात वर्षांवर आली. हे घडलं २०२१ मध्ये. तोवर त्याची पस्तिशी उलटली होती.