निर्वासितांच्या छावणीत पटकीची लस

पटकी, म्हणजेच कॉलरा, हा दूषित पाणी व अन्न यांतून पसरणारा जीवाणूजन्य रोग आहे. तीव्र जुलाबांमुळे शरीरातील पाणी झपाट्याने घटते आणि उपचार न मिळाल्यास काही तासांतच मृत्यू ओढवू शकतो. युद्ध व हिंसाचारामुळे घरदार सोडून आलेल्यांच्या छावण्यांत हा धोका सर्वाधिक असतो. कारण तेथे असंख्य माणसे मोजक्या पाणवठ्यांवर अवलंबून असतात आणि शौचालयांची सोय नसते.

जुलै १९९४ मध्ये रवांडातील लाखो निर्वासित तेव्हाच्या झैरेमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमा शहराच्या परिसरात आले. किवू सरोवराचे पाणी ते तसेच पीत होते. ज्वालामुखीच्या कठीण खडकात शौचखड्डे खणणेही अवघड होते. पहिल्या महिन्यातच सुमारे ५० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचे बळी पटकी व रक्ती आव यांनी घेतले.

मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९४ मध्ये कलकत्त्यात पटकीची लस टोचून तिची उपयुक्तता तपासली होती. आज छावण्यांत दिली जाणारी लस मृत जीवाणूंपासून बनवलेली असून ती तोंडावाटे देतात. सुई लागत नसल्याने थोडे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवकही ती देऊ शकतात. किमान दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा घेतल्यास निदान तीन वर्षे संरक्षण मिळते. एका मात्रेचे संरक्षण अल्पकाळ टिकते आणि पाच वर्षांखालील बालकांत ते फारच कमी असते.

आणीबाणीसाठी या लसीचा जागतिक साठा २०१३ मध्ये उभारण्यात आला. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस महासंघ आणि ‘सीमाविरहित डॉक्टर’ ही संस्था मिळून त्याच्या वाटपाचा निर्णय घेतात.

ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधील हिंसाचारामुळे ५ लाखांहून अधिक रोहिंग्या काही आठवड्यांत बांगलादेशातील कॉक्स बझार येथे आले. साथ सुरू होण्याची वाट न पाहता बांगलादेश सरकारने या साठ्यातून ९ लाख मात्रा मिळवल्या आणि १० ऑक्टोबर रोजी मोहीम आरंभली. निर्वासितांबरोबरच आसपासच्या स्थानिक रहिवाशांनाही लस देण्यात आली. पहिल्या फेरीत सुमारे ७ लाख लोकांना ती मिळाली. नोव्हेंबरमध्ये दुसरी मात्रा एक ते पाच वर्षांच्या बालकांना देण्यात आली. ज्या मोठ्या साथीची भीती होती, ती त्या वर्षी आली नाही.

अर्थात, लस हा शुद्ध पाण्याला पर्याय नव्हे. पिण्याचे पाणी, शौचालये आणि रुग्णांसाठी जलसंजीवनी यांची व्यवस्था होईपर्यंत ती अवधी मिळवून देते, एवढेच तिचे कार्य. म्हणूनच ती वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे ठरते.

अनेक देशांत एकाच वेळी साथी उद्भवल्याने आणि उत्पादन अपुरे पडल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये साथींच्या वेळी दोन मात्रा देण्याचा प्रघात स्थगित करावा लागला. एकाच मात्रेमुळे उपलब्ध साठ्यात दुप्पट लोकांना लस देता येते, हा त्यामागील विचार रास्त आहे. परंतु त्याची किंमत सर्वांत लहान बालकांना मोजावी लागते, कारण दुसऱ्या मात्रेची खरी गरज त्यांनाच असते.